‘मास्टरांनी तपासलीय’

नवशिक्या माणसाला दुकानातलं सगळ्यात वाईट वाद्य विकायचं, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. तो कुठे लिहिलेला नाही, कुणी शिकवत नाही, पण पाळतात बहुतेक सगळे. वाजवता येणाऱ्याच्या हातात वाकडं वाद्य दिलं तर तो दोन मिनिटांत ते खाली ठेवतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो. नवशिक्या तेच वाद्य घरी नेतो, सहा महिने झटतो आणि शेवटी म्हणतो, माझ्याच हातात काही नाही. तो भांडायला परत येत नाही. त्याला लाज वाटते. त्या लाजेवर आमचं दुकान चाललं आणि मी त्या दुकानात सत्तावीस वर्षं होते.

दिवाळीच्या अंकात गोडाधोडाचं लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

मी कमला, कुंभकोणम्‌ची. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी इकडे आले ते इथलेच झाले. घरात आम्ही अजून ‘मज नांव कमला’ असं बोलतो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. हा मजकूर मी आमच्या मराठीत लिहिला. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने तो तुमच्या वळणाचा करून दिला. राग मात्र कमी करू नकोस, असं मी तिला बजावलं होतं.

आमचं दुकान मोठ्या बाजारात होतं. पुढे काउंटर, भिंतीवर टांगलेल्या गिटारी, कपाटात व्हायोलिनं, खाली मृदंग आणि हार्मोनियम. मागे प्लायवूडची आडभिंत आणि तिच्यापलीकडे दुरुस्तीचं टेबल. मालकाला इकडे मुदलाळी म्हणतात, मीही तेच म्हणेन. मी लागले होते पावत्या लिहायला. आतल्या टेबलावर आरोक्यम् मास्टर बसायचे. चर्चमधल्या मंडळींच्या आणि लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. एके दिवशी त्यांनी माझ्या हातात एक गिटार दिली आणि म्हणाले, “बंदुकीचा नेम धरतात तशी धर आणि मानेवरून शेवटपर्यंत बघ. काय दिसतं?” मला काहीच दिसलं नाही. रोज एक, असं त्यांनी मला महिनाभर बघायला लावलं, मग कुठे स्क्रूड्रायव्हर हातात दिला.

मास्टर गेले तेव्हा ते टेबल माझ्याकडे आलं. तारा बदलणं, मान सरळ करणं, फ्रेट घासणं, सैल झालेल्या वायरी डागणं, सगळं मी करायची. पण मुदलाळींनी गिऱ्हाइकांना ते कधी कळू दिलं नाही. “बाईच्या हातात कोण गिटार देईल, कमलाम्मा?” असं ते म्हणायचे. बाहेर ते सांगायचे, “आत मास्टर आहेत.” गिऱ्हाईक विचारायचं, मास्टरांनी बघितली का? मुदलाळी आडभिंतीकडे तोंड करून हाक मारायचे आणि मी आतून उत्तर द्यायची, “हो, मास्टरांनी तपासलीय.” अकरा वर्षं मी एका नसलेल्या माणसाचे निरोप सांगत होते. लोक माझ्यासमोर मास्टरांच्या हाताचं कौतुक करायचे आणि मी गिटार पिशवीत घालून द्यायची. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. स्वामीमलैचा एक ऑर्केस्ट्रावाला यायचा, त्याला गिटार फक्त हातात धरायला हवी होती. “आवाज कीबोर्डमधून येतो अम्मा, हिला फक्त चमक पाहिजे.” त्याला मी मनापासून वाकडी गिटार दिली, त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. एक गृहस्थ घरातल्या कपाटाची उंची दोऱ्याने मोजून आले होते आणि त्यात मावेल ती गिटार घेऊन गेले. अशांचा राग येत नाही.

राग येतो तो भुवनेश्वरी टीचरच्या गोष्टीचा.

तीनेक वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी ती आली. चाळिशीची, कॉटनची साडी, खांद्याला शाळेची पिशवी. तिरुप्पनंदाळच्या एका शाळेत गणित शिकवायची. भिंतीवरच्या इलेक्ट्रिक गिटारींसमोर ती बराच वेळ उभी राहिली. आडभिंतीच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

“मुलासाठी का, टीचर? किती वर्षांचा आहे?” मुदलाळींनी विचारलं.

“माझ्यासाठी.”

मुदलाळी हसले. वाईट हसू नव्हतं, पण हसले. “मग आधी साधी गिटार शिका. बोटं तयार झाली की दोन वर्षांनी इलेक्ट्रिक घ्या.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी म्हटलं तर मस्तकात तिडीक जाते. साध्या गिटारीच्या तारा जाड आणि ताठ असतात. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक, मान सडपातळ, दाबायला जोर कमी लागतो. ज्याला इलेक्ट्रिकच वाजवायची आहे त्याने ती पहिल्या दिवसापासून घ्यावी. हे मुदलाळींना माहीत होतं. पण साध्या गिटारींचा ढीग पडला होता.

टीचरने पिशवीतून वही काढली. तिने सगळं लिहून आणलं होतं. ती म्हणाली, “सासूबाई शेजारच्या खोलीत अंथरुणावर आहेत. पडल्या, तेव्हापासून उठत नाहीत. त्यांना जरा आवाज झाला की त्रास होतो. साधी गिटार भिंतीपलीकडे ऐकू जाते. इलेक्ट्रिकची वायर जोडलीच नाही तर नुसती तारेची टिकटिक होते. आणि छोट्या अॅम्प्लिफायरला हेडफोन लावला तर मला एकटीलाच ऐकू येईल. बरोबर ना?”

बरोबर. शंभर टक्के बरोबर. आतल्या आत मी तिला शाबासकी दिली. इलेक्ट्रिक म्हणजे धिंगाणा असं सगळ्यांना वाटतं, आणि ही बाई घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून इलेक्ट्रिक मागत होती.

मुदलाळींना कळलं की हिला साधी गिटार खपणार नाही. मग त्यांनी भिंतीवरची लाल गिटार काढली. चकचकीत, काचेसारखं पॉलिश. ती गिटार दोनदा विकली जाऊन दोनदा परत आली होती. मी ती तपासली होती आणि मुदलाळींना स्पष्ट सांगितलं होतं की हिच्या मानेला पीळ आहे.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगते. गिटारीची मान तारांच्या ताणाने धनुष्यासारखी वाकते. तिच्या आत लोखंडी सळई असते. चावीने ती फिरवली की मान पुन्हा सरळ होते. पाच मिनिटांचं काम. पण ओलं लाकूड वापरून केलेली गिटार आमच्या कावेरीकाठच्या हवेत, पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा आणि एक पावसाळा पडून राहिली की मानेला पीळ पडतो, पिळून काढलेल्या कपड्यासारखा. त्याला सळई काही करू शकत नाही. एका बाजूच्या तारा फ्रेटवर घासून खरखरतात, दुसऱ्या बाजूच्या इतक्या उंच राहतात की दाबता दाबता बोट कापतं. फ्रेट म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या. लाकूड आकसलं की त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि तळहाताला ब्लेडसारखी लागतात. लाल गिटारीला हे सगळं झालं होतं.

टीचरने गिटार हातात घेतली, उलटीसुलटी केली. तिला काय कळणार? तिने विचारलं, “तपासून दिलीय ना?”

मुदलाळींनी माझ्याकडे तोंड वळवलं. “आत विचारतो. काय हो, ती लाल गिटार मास्टरांनी बघितली ना?”

माझ्या हातात एका व्हायोलिनचा ब्रिज, तारा टेकतात ती लाकडी घोडी, होता. मी तो खाली ठेवला नाही, उठले नाही. म्हणाले, “हो, मास्टरांनी तपासलीय.”

वाक्य खोटं नव्हतं. मी खरंच तपासली होती. त्या दिवशी जेवताना मी घरी ह्यांना हे सांगितलं, जरा हसत सांगितलं. हे हसले नाहीत. “मग बोलली कां नाहीस?” एवढंच म्हणाले आणि ताक वाढून घेतलं. नोकरी जाईल ही भीती पूर्वी होती, मुलींची शिक्षणं चालू असताना. आता दोघी आपापल्या घरी होत्या, ह्यांना पेन्शन होती. मी बोलले नाही ती केवळ सवयीने. आणि सवयीचा राग भीतीच्या रागापेक्षा जास्त येतो.

टीचर परत आली ती आयुधपूजेच्या, म्हणजे तुमच्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी. दुकान धुऊन काढलं होतं, प्रत्येक वाद्याला चंदनाचा आणि कुंकवाचा ठिपका लावायचं काम मुदलाळी स्वतः करत होते. टीचर गिटारीची पिशवी घेऊन पायरीवर उभी राहिली, कारण फरशी ओली होती. चपला काढून आत आली.

“ही ठेवून घ्या,” ती म्हणाली. “पैसे परत नकोत. ज्याच्या हातात काही आहे अशा कुणालातरी द्या. माझे हात खडूचे आहेत.”

“का हो टीचर? काय झालं?”

“सहा महिने रोज शाळेआधी अर्धा तास बसले. फोनवरचा शिकवणारा म्हणतो, तीन आठवड्यांत पहिलं गाणं येईल. मला एक सूर नीट येत नाही. बोटं बघा.”

तिने डावा हात पुढे केला. बोटांची टोकं फुटलेली होती आणि पहिल्या बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या कडेला, बारीक कापल्याच्या रेघा होत्या. तार दाबून कुणाचा हात तिथे कापत नाही. तिथे फक्त बाहेर आलेले फ्रेट कापतात.

मुदलाळी चंदनाची वाटी हातात धरून म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलं होतं, अम्मा. आधी साधी शिका. ऐकलं नाहीत.”

मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. हातात स्टीलची पट्टी होती, आरोक्यम् मास्टरांची. मी पिशवीची चेन उघडली, गिटार काउंटरवर आडवी ठेवली आणि पट्टी तिच्या मानेवर उभी धरली.

“टीचर, इकडे या. पट्टी सरळ आहे, बरोबर? खालून उजेड दिसतो का?”

“दिसतो.”

“आता ह्या कडेला.”

“इथे नाही दिसत.”

“कमलाम्मा, आत जा,” मुदलाळी म्हणाले.

मी गेले नाही. टीचरने माझ्या हातातून पट्टी घेतली. एका कडेला ठेवली, दुसऱ्या कडेला ठेवली, मग तिरपी ठेवली. तिच्या चेहऱ्यावर शिक्षकांचा तो भाव आला, वहीत चूक सापडल्यावर येतो तो. “दोन कडा एका पातळीत नाहीत,” ती हळू म्हणाली. “हिच्यावर सूर बरोबर येणारच नाही. कुणालाच नाही.”

“कुणालाच नाही,” मी म्हणाले. “मलाही नाही.”

“तुम्ही कोण?”

“इथली मास्टर मीच आहे. दुसरं कुणी नाही.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मुदलाळींच्या हातातली वाटी कलंडली आणि चंदन काउंटरवर सांडलं. ते म्हणाले, “टीचर, आपण काहीतरी करू. खांद्याला अडकवायचा नवा पट्टा देतो, फुकट. पिशवीही बदलून देतो.”

पट्टा! सहा महिने कापलेल्या हाताला पट्टा. मी त्यांना जे बोलले ते इथे छापता येणार नाही. तमिळमध्ये बोलले आणि मग सुचेना तेव्हा आमच्या मराठीत बोलले, आजोबा गाडीवानांना द्यायचे त्या शिव्या. त्यांना शब्द कळले नसतील, अर्थ कळला.

टीचर मात्र माझ्याकडे बघत होती, मुदलाळींकडे नाही. “त्या दिवशी आतून बोललात त्या तुम्हीच?”

“मीच.”

“तेव्हा माहीत होतं?”

“होतं.”

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “वर्गात एखाद्या मुलीला गणित येत नसलं तर मी आधी फळ्यावरचं माझंच गणित तपासते. मीच चुकीचं लिहिलं असेल म्हणून. ह्या वेळी तपासलं नाही. सरळ स्वतःला मठ्ठ म्हटलं. रोज म्हटलं. ते सहा महिने आता कोण परत देणार, अक्का?”

तिने चपला घातल्या आणि गिटार तिथेच ठेवून गेली. मी आत जाऊन मास्टरांच्या कानशी, चाव्या आणि पट्टी रुमालात बांधली आणि बाहेर पडले. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही. ह्यात शौर्य काही नाही. ज्या दिवशी उठायला हवं होतं त्या दिवशी मी उठले नव्हते. आणि टीचर परत आली म्हणून मला कळलं. जे आले नाहीत ते किती असतील? गोदामातल्या गिटारी अशाच संपल्या ना? एक कॉलेजची मुलगी गुलाबी गिटार घेऊन गेली होती, वडील बरोबर होते, “मुलींसाठी हीच बरी” म्हणून त्यांनीच निवडली होती. तिलाही मीच आतून होकार दिला होता. तिचं नाव मला माहीत नाही.

मी टीचरच्या शाळेत निरोप पाठवला: चांगली गिटार निवडायला मी येते. तीन आठवडे उत्तर नाही. मग फोन आला. “येईन. पण तपासणार मी. तुम्ही कसं ते फक्त दाखवा. आणि ‘चांगली आहे’ असं म्हणायचं नाही.”

सुंदरपेरुमाळ कोयिल ह्या गावात दयाळन नावाचा एक वाजवणारा राहतो, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात असतो. त्याला जुनी गिटार विकून टाकायची होती. आम्ही रविवारी दुपारी त्याच्याकडे गेलो. तपकिरी रंगाची, कडा उडालेली, मागे बेल्टच्या बकलाचे ओरखडे. दिसायला काही नाही. टीचर ओसरीवर बसली. आधी तिने गिटार पट्ट्याने खांद्याला लावून पाच मिनिटं नुसती धरली, कारण मी सांगितलं होतं की वजन पहिल्या मिनिटात कळत नाही. मग नेम धरून मान बघितली. मग कडेवरून तळहात फिरवला, कुठे काही टोचतंय का. खुंट्या एकेक फिरवून पाहिल्या, सूर लावला, तार ओढून सोडली, सूर सरकतो का ते पाहिलं. वायर जोडून बटणं फिरवली, खरखर ऐकली.

“बाराव्या फ्रेटवर दाबा,” मी म्हणाले. “मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात आला पाहिजे. फोनमधल्या ट्यूनरवर बघा, काटा मध्ये राहतो का.”

काटा मध्ये राहिला. तिने मान हलवली आणि पहिल्या फ्रेटपासून सुरुवात केली. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट.

“हे सगळं कशाला, टीचर?” दयाळन कंटाळून म्हणाला. “मी ह्यावर दहा वर्षं पोट भरलंय.”

“सहा तारा, बावीस फ्रेट. एकशे बत्तीस जागा,” ती म्हणाली. “चाळीस झाल्या. तुम्ही जेवून या.”

तो खरंच जेवून आला. दोन जागी तार फ्रेटला घासत होती, ते मी गिटार घरी नेऊन कानशीने नीट करून दिलं. तिने पाहत उभं राहून करून घेतलं.

आता आमच्या पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, तमिळमध्ये. लोक येतात. हल्ली दुकानाचीही गरज उरली नाही, फोनवर बोट ठेवलं की खोक्यात गिटार दारात येते, आणि खोक्याबरोबर तीच लाज येते. परवा एक बँकेतले गृहस्थ खोकं घेऊन आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “माझी बोटं जरा जाड आहेत.” मी त्यांना बोटं खिशात घालायला सांगितली आणि गिटार उघडली. तारा मानेपासून पेन्सिल आत सरकवता येईल एवढ्या उंच होत्या. मी इतकी चिडले की ते बिचारे माझीच माफी मागायला लागले.

मुदलाळींचं दुकान चालू आहे. नवे मास्टर मिळाले म्हणे. खरे असतील अशी आशा करते.

टीचर वर्षातून दोनदा तारा बदलायला येते. काय वाजवते, किती येतं, मला माहीत नाही. तिने मला कधी ऐकवलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. कॉफी घेत नाही. तिने मला माफ केलेलं नाही आणि तिने ते करावं असं मलाही वाटत नाही. मी तारा बसवते, मान पाहते, गिटार तिच्या हातात देते. मग ती खुर्ची उजेडाकडे ओढते आणि पहिल्या फ्रेटपासून दाबत जाते. गेल्या खेपेला शेवटची तिरुप्पनंदाळची बस निघायला थोडाच वेळ होता. मी म्हणाले, “टीचर, मी आत्ताच सगळे फ्रेट बघितलेत, बस चुकेल.” तिने वर पाहिलं नाही. चौथ्या तारेवर, सातव्या फ्रेटला, ती थांबली. परत दाबलं. कान खाली नेला. मग गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि त्या जागी बोट टेकवलं.

मी दाबून पाहिलं. सूर खरखरत होता, अगदी किंचित, पण खरखरत होता.

मी कानस घेतली. ती बस सोडून माझ्यासमोर बसून राहिली.